बांगड्या हातात असेपर्यंत

मिशी चिकटवताना समोरच्याने श्वास रोखून धरायचा असतो. नाकातली गरम हवा लागली की गोंद अर्धवट सुकतो आणि मिशी वाकडी बसते. त्या मुलीला मी हे दोनदा सांगितलं, पण तिला हसू आवरत नव्हतं. कॉलेजच्या हॉलमागची लहान खोली, फेब्रुवारीतली दुपार, केस उडू नयेत म्हणून पंखा बंद. "काका, गुदगुल्या होऊन राहिल्या ना," ती म्हणाली आणि पुन्हा ओठ ताणून बसली. मी मिशी लावली, अंगठ्याने दोन्ही टोकं दाबली आणि वही पुढे ओढली. नागपूरच्या महाल भागात नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या आमच्या ड्रेपरीच्या दुकानाची पद्धत अशी की सामान ज्याच्या अंगावर जाईल त्याचं पूर्ण नाव वहीत लिहायचं आणि खाली सही घ्यायची. मालक केशवराव हे काम मुद्दाम माझ्याकडे देत, कारण मी चाळिशीत सिंधूताई नावाच्या बाईंच्या प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली होती आणि हात चालता राहावा असं त्यांना वाटे. मी नाव विचारलं. "प्रेमिला गोतमारे." मी म्हटलं, पूर्ण सांग. "प्रेमिला चंपतराव गोतमारे." मी सावकाश लिहिणारा माणूस. प्रेमिला लिहून झालं. मग च काढला, त्याच्या डोक्यावर टिंब दिलं, प काढला, आणि त काढायच्या आधीच माझा हात थांबला. वहीत गावाचा रकाना नाही, तरी मी गाव विचारलं. "आता तं इथंच राहतो, धंतोलीले," ती मिशीखालून म्हणाली, "पण आम्ही मूळचे खाप्याचे." मी त लिहिला. पुढचं राव, गोतमारे कसं लिहिलं ते आठवत नाही. वहीत ते आजही आहे आणि त्याची ओळ खाली उतरत गेलेली आहे.

बावीस वर्षं मी ते नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं, आणि आता हाताने लिहून बसलो होतो. अक्षरं शिकलो नसतो तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. ऐकलेलं नाव कानातून निघून जातं. लिहिताना मात्र त्याच्या प्रत्येक वळणातून स्वतःला जावं लागतं. मुलगी आरशात बघत होती. तिच्या बाजूला आरशात मीही होतो, पांढरी दाढी वाढलेला, जाड चष्म्याचा, गिरणीतल्या रुईने छाती भरलेला एक ड्रेपरीवाला. तिचं कपाळ आणि डोळ्यांमधलं अंतर मला आता दिसायला लागलं. आधी ते नुसतं एक तोंड होतं, मिशी लावायचं.

एकसष्ट साली, दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालू असताना, रामाजी मास्तरांची आमची दंडार, गावोगाव रात्री सोंगं करणारी नाटकमंडळी, खाप्याला उतरली होती. मी मूळचा उमरेडचा, विणकराच्या घरचा. हातमागावर बसायचा कंटाळा आणि गळा गोड, म्हणून मास्तरांनी मला सोळाव्या वर्षी उचललं आणि मी बाई झालो. वाचता येत नव्हतं. मास्तर म्हणायचे आणि मी म्हणायचो, असं करून सगळी सोंगं पाठ झाली, माझी आणि दुसऱ्यांचीही. मास्तरांचा एक नियम होता. गावात शिरल्यापासून गाव सोडेपर्यंत बाई करणाऱ्याने बाप्याच्या आवाजात एक शब्द बोलायचा नाही. "गावानं एकदा तुहा खरा आवाज ऐकला का संपलं," ते म्हणत. "मग रातच्याले तू कितीही रड, लोकाइले तूच दिसन, बाई दिसनार नाही." म्हणून सकाळी मी मुका असे. ओसरीवर पुरुषांत बसे, खुणेने चहा मागे. दुपारी ज्या घरी उतारा असे तिथल्या बायका आपलं लुगडं आणि बांगड्या देत. एकदा बांगड्या हातात चढल्या की मी बाई. मग मला माजघरात, चुलीजवळ, पार न्हाणीच्या दारापर्यंत मोकळीक असे, आणि लग्नाची पोरसुद्धा माझ्या निऱ्या घालायला लाजत नसे. बायका माझ्यासमोर सासूला शिव्या देत, नवऱ्याचं सांगत, पाठीवरचे वळ दाखवत. मी बाईच्या आवाजात "अगं बाई" म्हणे. पुरुषाला जे कधी कळत नाही ते सगळं मला कळत होतं, आणि त्याचा मी एकच उपयोग केला, रात्री सोंग आणखी चांगलं वठवलं.

खाप्याला आमचा उतारा रंभाबाईंच्या घरी होता. बाई विधवा, चाळीस एकर शेती, घरात एकुलती मुलगी सुभद्रा. तिसऱ्या दिवसापर्यंत मला सुभद्राचे हात पाठ झाले होते. निरी घालताना ती अंगठ्याच्या नखाने प्रत्येक घडी वरून खाली ओढायची, आणि ते नख माझ्या बेंबीखाली टेकून थांबायचं. मी विणकराचा पोरगा, कापडावर चालणारा हात मला ओळखता येतो. "हलू नको वं," ती म्हणायची, "निरी सुटते." नाहीतर, "तुही कंबर माह्यापेक्षा बारीक हाये वं, तुले तुह्या मायनं काय खाऊ घातलं नाही काय?" आणि दोघी हसायच्या, ती आणि तिची आई. दोघी काय, तिघी हसायचो. हसतानाही माझा आवाज बाईचाच असे. मला त्या तीन दिवसांत तिच्याशिवाय काही सुचत नव्हतं, आणि ते सांगायला माझ्याकडे जो आवाज होता तो एका गरोदर गवळणीचा होता, एका छळलेल्या सुनेचा होता, माझा नव्हता.

"काका, माझं चालणं पाहा ना," मुलगी म्हणाली. नाटक इंग्रजांचं जुनं होतं. अनंत सर म्हणून कॉलेजातले तरुण प्राध्यापक होते, त्यांनी ते मराठीत केलं होतं. एक घरंदाज पोर पुरुषाचा वेश घेऊन एका सरदाराकडे चाकरीला राहते, त्या सरदारावरच तिचं मन बसतं, आणि तो मात्र तिला आपल्या प्रेमाचा निरोप देऊन दुसऱ्या एका बाईकडे पाठवतो. सरांनी मला गोष्ट सांगितली होती आणि हसत म्हणाले होते, "तुम्ही जुने कलावंत, हिला जरा बाप्यासारखं चालायला शिकवा." त्यांना कोणीतरी माझं पूर्वीचं सांगितलं असावं. मी तिला म्हटलं, टाच आधी टेक, खांदे सैल सोड, हात कुठे ठेवायचे याचा विचार करू नको. ती चालली. मग म्हणाली, "तुम्ही चालून दाखवा." मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो आणि ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मिशी जाईल म्हणून मी ओरडलो. बाईचं चालणं मी शिकलो होतो, घाटावर बसून, महिनोन् महिने बघून. बाप्याचं कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते करून दाखवायची वेळ आल्यावर माझे पाय कुठे पडत होते मलाच कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंपतराव मला नदीच्या वाटेवर भेटला. संत्र्याचे बाग, दोन गाड्या, गावात शब्दाला वजन. वर्षाआड आमची दंडार बोलावणारा तोच. रामाजी मास्तर त्याच्या मागे उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. चंपतरावाने सुभद्राला मागणी घातली होती. रंभाबाई तयार होती, पोरगी उत्तर देत नव्हती. "तू अंदर जाते," तो मला म्हणाला. "तुह्या जवळ ते बोलते. माह्याबद्दल दोन गोड शब्द टाक ना. तुह्या तोंडात साखर हाये." मी मुका. मास्तर म्हणाले, "टाकन तो. काहून नाही टाकनार?" तेवढ्यात त्याच्या गाडीचा एक बैल नांगी टाकून वाटेत बसला. चंपतराव त्याच्याकडे गेला. त्याने आधी तुतारीने, टोकाला आर लावलेल्या काठीने, टोचलं, मग ती उलटी धरून दांडा, मग बैल उठल्यावरही दांडा. चेहऱ्यावर राग नव्हता. मला त्याचंच नवल वाटलं, रागावलेला माणूस थकतो तरी. परत आला तेव्हा त्याचा श्वास चढला होता, आणि बोलणं जिथे सोडलं होतं तिथूनच त्याने पुढे सुरू केलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. ती मान मी नंतर पुष्कळ वेळा परत हलवून पाहिली आहे, गिरणीत, खाटेवर, या चष्म्याच्या आतून, आणि ती दर वेळी तशीच हलते.

दुपारी सुभद्राने माझ्या डाव्या हातात सात बांगड्या चढवल्या, हिरव्या, तिच्याच. मागच्या पडवीत ऊन आलं होतं. रंभाबाई आत भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. सुभद्रा गुडघ्यावर बसून निऱ्या घालू लागली. मी म्हटलं, "तुले एक निरोप हाये वं." तिने विचारलं, कोणाचा. मी सांगितलं. नख निरीवर जिथे होतं तिथेच थांबलं.

"काय म्हणते तो?"

मी सुरू केलं. मनाचा मोठा आहे, घरात दुधाला तोटा नाही, तुझ्या नावाने बाग लावीन म्हणतो. तिने वर पाहिलं.

"तो मारते काय वं?"

"छे वं. हाताचा लय हळवा हाये."

हे मी म्हणालो. विचार करायला वेळ लागला नाही. बाईच्या आवाजात खोटं फार सहज येतं, त्याला वर्षांची घडी पडलेली असते. सुभद्रा उठून उभी राहिली. अर्ध्या निऱ्या तिच्या हातात, अर्ध्या माझ्या कमरेला. ती हळू आवाजात म्हणाली, "थांब. ह्या आवाजात नको सांगू. ह्या आवाजात तू रोज रडते, रोज हसते, अन् सारं गाव खरं मानते. तुह्या आवाजात सांग."

"माह्या म्हणजे?"

"तू बाप्या हाये ना गा?"

तीन दिवस मी तिची बाई होतो आणि ती मला बाईला म्हणतात तसं 'वं' म्हणत होती. ते बाप्याला म्हणायचं 'गा' मला छातीवर कोणी तळहात टेकवावा तसं लागलं. मी मनगट पुढे करून बांगड्या दाखवल्या. रीत तिलाही माहीत होती. ती न्हाणीत गेली आणि साबणाचा तुकडा ओला करून घेऊन आली. माझा हात तिने आपल्या हातात घेतला, बोटं एकत्र दाबली, आणि एक बांगडी सरकवून काढली. मग दुसरी. काच हाडावरून जाताना दुखत होतं आणि ते दुखणं थांबू नये असं वाटत होतं. "चंपतराव कसा हाये ते सांग," ती म्हणाली, हाताकडेच बघत, "अन् माह्यासाठी दुसरं कोणी असन तुह्या नजरेत, तं तेही सांग. मी हो म्हणन का नाही ते मंग पाहू. पण तुह्या आवाजात." पाच राहिल्या होत्या. आत भाकरीचा आवाज थांबला. बाहेर ओसरीवर मास्तर ढोलकी तापवून थाप देऊन बघत होते. पुरुषाचा आवाज माजघरात निघाला तर काय होतं ते मला माहीत होतं, रामटेककडच्या एका गावात आमच्यातल्या एकाचे दात पाडले होते. हे मी पुढे स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं. आम्ही विणकर, ते शेतकरी, हेही सांगितलं. पण तिने मला लग्न कर म्हटलं नव्हतं. तिने एक वाक्य मागितलं होतं. आणि खरं तर त्या क्षणी मला दातांची भीती वाटली नाही. मी घशात तो आवाज शोधत होतो आणि तिथे काही हाताला लागत नव्हतं. आठ वर्षं ज्याने गावाबाहेर पडल्यावर फक्त बिडी मागितली होती असा आवाज, त्याने या मुलीशी काय बोलायचं. तो फाटका निघाला असता. ती हसली असती. मला ते नको होतं.

मी हात मागे ओढला आणि बाईच्या आवाजात, आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "अगं बाई! भरल्या हाताचा साज मोडते काय वं, चांगल्या दिवशी!" आतून रंभाबाई हसली. "तिले अक्कल नाही वं," ती म्हणाली, "तूच शिकव." मग मी शिकवलं. पाव तास मी चंपतरावाबद्दल बोललो. पाठ केलेल्या सगळ्या सोंगांतली वाक्यं एकामागून एक आली. एकीचा नवरा, दुसरीचा सखा, सगळे गुण मी त्या माणसाच्या अंगावर चढवले. बोलता बोलता माझेच डोळे भरले. तिचेही भरले. इतकं चांगलं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो, आणि मला, लिहायला लाज वाटते, आनंद होत होता. समोर एकच माणूस बघणारं होतं आणि ते मी जिंकलं होतं. मी थांबल्यावर ती खाली बसली. काढलेल्या दोन बांगड्या तिने परत माझ्या हातात चढवल्या. साबण वाळला होता, म्हणून त्या चढताना जास्त लागल्या. मग सुटलेल्या निऱ्या घातल्या, पहिल्यापासून, नखाने दाबून. "बराबर म्हणते वं तू," ती म्हणाली. वं. माघात लग्न झालं. चंपतरावाने दंडारीला पेटी दिली आणि मला शेला. मी पुन्हा खाप्याला गेलो नाही. दोन वर्षांत नागपूरला आलो, गिरणीत लागलो, केस कापले. लग्न केलं नाही. पिंजण खात्यात चौदा वर्षं रुई खाऊन गळा बसला आणि मला वाटलं, चला, सुटलो.

नाटक संध्याकाळी सहाला सुरू झालं. मी पडद्याच्या बाजूला खुर्चीवर, हातात सुया आणि गोंद. हॉल भरलेला. सुभद्राची पोरगी मिशी लावून त्या दुसऱ्या बाईच्या घरी सरदाराचा निरोप सांगायला गेली, आणि बाईचं मन निरोप्यावरच बसलं. पोरं खुर्च्यांवर हात आपटून हसली. निरोप सांगणारीचं मन तिसरीकडे, आवाज उसना, वेश उसना, आणि ती जितकं चांगलं बोलते तितकं सगळं बिघडतं, याला ते हसत होते. हसण्यासारखं होतं. मी तीनदा तालीम पाहिली होती, मीही हसलो होतो. त्या दिवशी मात्र हातातला गोंद मांडीवर सांडला. शेवटी ती केस मोकळे सोडते आणि म्हणते, मी मुलगी आहे. बस, तेवढ्याने सगळं जागेवर येतं. कोणी रागावत नाही, कोणी म्हणत नाही की मग इतके दिवस काय बोललीस. दोन लग्नं लागतात. इंग्रज लेखक मोठाच असला पाहिजे, मला वाटलं, त्याने प्रत्येकाला बांगड्या काढायला वेळ दिला आहे. आणि मला त्या मेलेल्या माणसाचा असा राग आला की टाळ्या चालू असताना मी उठून मागच्या खोलीत गेलो.

त्या दोघी तिथेच आल्या. मुलगी पुढे, हसत, घामाने मिशीचं एक टोक सुटलेलं, आणि मागे पेढ्यांचा पुडा घेऊन सुभद्रा. अंगाने भरली होती, केसांत पांढरं. चंपतराव आला नव्हता. "बाबाले नाटक आवडत नाही," मुलगी कोणालातरी सांगत होती. सुभद्राने माझ्याकडे पाहिलं, ड्रेपरीवाल्याकडे बघतात तसं, आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. तिच्या डाव्या मनगटाचं हाड कधीतरी मोडून वाकडं बसलं होतं. त्यावर बांगड्या सरळ राहत नव्हत्या, एका बाजूला कलत होत्या. पडली असेल. विहिरीवर बायका पडतात. मी हे दोनदा मनात म्हटलं.

"भाऊ, हे मिशी नीट निघते ना? पोरीले पाहायले येऊन राहिले लोकं. डाग नको राहाले."

"निघते," मी म्हणालो. "खोबऱ्याचं तेल लावा. मुरू द्या. मग हळूच ओढा."

मी बाटली दिली. ती मुलीसमोर स्टुलावर बसली आणि बोटाने तेल लावू लागली. मुलगी ओठ न हलवता म्हणाली, "आई, तू नाटक पाह्यलं होतं काय लहानपणी?"

"नाटक कुठचं. आमच्याकडे दंडार ये. त्यात एक बाई होती. होता बाप्याच, पण आम्ही बाईच म्हणो. काय बोले वं ते! तिचंच ऐकून तुह्या बापाले हो म्हटलं मी."

"खरंच? मग तिनं खरं सांगितलं होतं का खोटं?"

सुभद्राचं बोट थांबलं नाही. "तिले काय मालूम, बाई. तिचं सारं पाठ केलेलं."

मुलगी हसली. मिशी सुटून सुभद्राच्या बोटांत आली, न फाटता, एकही केस न तुटता. तिने ती माझ्याकडे दिली. मला एक शब्द बोलायचा होता. अगं बाई, एवढाच, तो आवाज घशात खाली कुठेतरी तसाच होता, मला माहीत आहे, रुईने तो मेला नव्हता. तो ऐकला असता तर तिने मान वळवली असती. मी मिशी डबीत ठेवली आणि म्हणालो, "झालं. काही डाग नाही." तिने आता जरा निरखून पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे.

"तुमचा आवाज पार बसला भाऊ. अद्रक-मीठ धरत जा तोंडात."

"बसला नाही, बाई," मी म्हणालो. "हाच आहे माझा."

"असं काय," ती म्हणाली, आणि पोरीच्या ओठावरचं तेल पदराने पुसू लागली.